माहेरची फरशी आणि अमेरिकेची निवडणूक

ग्रामपंचायतीला उभा असताना मी वॉर्डातल्या बायकांना सांगितलं, की तुमच्या माहेरच्या वाटेवरची फरशी, म्हणजे नाल्यावरचा बुटका दगडी पूल, हा परराष्ट्राचा विषय आहे. ही माझी चूक.

महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्षं झाली होती. मी गावच्या वाचनालयाचा चिटणीस. म्हणजे एक दिवस शिळी वर्तमानपत्रं आधी मी वाचायचो आणि मग गावाला माझं व्याख्यान सोसावं लागायचं. तेव्हा अमेरिकेत अध्यक्षाची निवडणूक होती, म्हणून पारावर बसून मी तीच समजावून दिली. "तिकडे देशोदेशीचे लोक येऊन राहिलेत, पण जीव जुन्या मुलखात. त्यांची मंडळं आहेत. मतं मूठभर, पण एकगठ्ठा, वर्गणीही देतात. उमेदवार दिसला की एकच विचारतात, आमच्या मुलखासाठी काय करणार? दोन्ही पक्षांचे उमेदवार त्यांच्या जेवणावळींना जातात आणि हो म्हणून येतात."

पलीकडच्या ओट्यावर बायका बसल्या होत्या. त्या ऐकतही असतील, हे काही मला सुचलं नाही.

पुढे आमच्याच पंचायतीची निवडणूक लागली. सरपंच मीच होणार हे मी धरून चाललो होतो. जळगाव जामोदच्या मेहुण्याला तसं पोस्टकार्डही टाकलं होतं. माझ्या वॉर्डात शेजारच्या देऊळघाट गावच्या लेकी बऱ्याच दिलेल्या. त्यांच्यातली सगळ्यात थोरली, जिला सारं गाव काकू म्हणायचं, ती पाच-सहा जणींना घेऊन दारात आली.

"बापू, नाल्यावर फरशी टाकशीन का? पंचमीले पोरीइले माहेरी जाता येत नाई."

"नाला शिवेपलीकडे आहे काकू. ते देऊळघाटानं बघावं. आपल्यासाठी तो परराष्ट्राचा विषय!"

माझ्या विनोदावर मी एकटाच हसलो.

"असं म्हन," काकू म्हणाली आणि सगळ्याजणी उठल्या.

माझ्याविरुद्ध उभ्या असलेल्या गड्याला सहीपुरतं लिहिता येत होतं. तो दुसऱ्याच दिवशी काकूला बैलगाडीत बसवून देऊळघाटला गेला आणि अर्धे दगड आपले, अर्धे त्यांचे, असं तिथल्या सरपंचाशी बोलून आला.

मी अकरा मतांनी पडलो.

हरलो तरी समजावून सांगायची खोड जाते कुठे? आठवड्याच्या बाजारात काकू कांदे निवडताना भेटली. म्हटलं, "काकू, तुम्ही अगदी अमेरिकेतल्या मंडळांसारखं केलंत. मतं थोडी, पण एकगठ्ठा. एका फरशीपायी मला पाडलंत."

"फरशीपायी?" काकूनं हातातला कांदा दाबून पाहिला, परत टोपलीत टाकला. "तू हो म्हनला असता ना, तरी पाडलंच असतं. लय बोलतं बापू तू."