पुष्करच्या फिल्ममधलं बंद दार

लंडनजवळच्या हाउन्सलोतल्या आमच्या गल्लीत पुष्करइतका हौशी माणूस दुसरा नाही, ही गल्लीवर देवाची कृपाच म्हणायची. पोट भरतं एअरपोर्टच्या मालाचं सॉफ्टवेअर सांभाळून, पण स्वारीला आतून कलावंत व्हायचंय. एका हिवाळ्यात गिटार, पुढच्यात कुंभाराचं चाक, मग घरी बिअर करायचं पिंप. त्या चाकावर झालेल्या एकुलत्या एक वाडग्यात त्याची बायको वैभवी मोबाइलचे चार्जर ठेवते. बाकी सगळा पसारा बॉक्सरूममध्ये, म्हणजे घरातल्या एकुलत्या जादा खोलीत. वैभवीला नववा लागला, तरी पाळणा हॉलमध्ये खोक्यातच पडून. "खोली रिकामी कर," असं ती दिवाळीपासून म्हणतेय, आणि तिचा नवरा म्हणतोय, "माझी फिल्म होऊ दे गं."

फिल्म, कारण यंदाची हौस फ्रेंच. क्लासच्या ख्रिसमस पार्टीसाठी छोटी विनोदी फिल्म करायची होती. येशूजन्माचीच गोष्ट, पण आजची: मारी, म्हणजे आपली मेरी, आणि जोसेफची फ्लाइट रद्द, गेस्टहाउसं भरलेली, शेवटी बाळ जन्मतं गोठ्याऐवजी कारपार्कात. दिग्दर्शक पुष्कर, जोसेफही पुष्करच. मारी वैभवी, कारण पोट आयतं मिळत होतं. गेस्टहाउसची खडूस मालकीण म्हणून शेजारच्या मधुमतीकाकू. त्यांना एकच शब्द: 'कोंप्ले'. म्हणजे सगळं भरलंय, जागा नाही. काकूंनी तो आठवडाभर भांडी घासताना घोटला.

रविवारी काकूंच्या दारासमोर कॅमेरा लागला. वैभवीने कुडकुडत बेल वाजवली. काकूंनी दार उघडलं.

"अगं, नाक किती लाल झालंय. आत ये आधी."

"कट. काकू, हाकलायचंय तिला."

दुसऱ्यांदा काकू 'कोंप्ले' म्हणाल्या, अगदी चोख, आणि त्याच श्वासात, "पण शिरा केलाय, तेवढा खाऊन जा."

तिसऱ्यांदा त्या कुंकू आणि नारळ घेऊनच आल्या. "भरल्या दिवसांची बाई अशी दारातून परत पाठवू? ओटीसुद्धा न भरता? मला नाही जमायचं बाबा."

"अहो काकू, फ्रेंचमध्ये ओटी नसते."

"म्हणूनच त्या बिचारीला गोठ्यात जावं लागलं."

कलावंत चिडला. जोसेफ गाडी लावायला गेलाय असं ठरवून, काकूंना कॅमेऱ्यामागे उभं करून तो स्वतःच मालक झाला. दार उघडलं. वैभवीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, कपाळाला आठी घातली. "कोंप्ले." आणि दार धाडकन बंद. एका टेकमध्ये. आत उभा राहून स्वतःवरच खूश.

पुन्हा दार उघडलं तर वैभवी तिथेच.

"छान केलंस," ती म्हणाली. "बॉक्सरूमचं विचारलं की हेच तोंड करतोस." मग त्याला बाजूला सारून ती काकूंच्या सोफ्यावर जाऊन बसली. "पाळणा लागला की बोलाव. तोवर मी इथेच."

"अगं, पण कारपार्कचा सीन?"

"मारीशिवाय कर."

पुष्करने थोडा वेळ दिग्दर्शकासारखा विचार केला, मग नवऱ्यासारखा. दुपार सरेपर्यंत खोली रिकामी झाली, पाळणाही उभा राहिला. पण कलेला असं वाऱ्यावर कसं सोडणार? एका काखेत गिटार, पुढ्यात पिंप, अशी मूर्ती काकूंच्या दारात हजर.

"काकू, खोली झाली. फक्त एवढं तुमच्याकडे ठेवता येईल? थोडेच दिवस."

काकूंनी गिटार पाहिली. पिंप पाहिलं.

"कोंप्ले," त्या म्हणाल्या, आणि दार लावून घेतलं.