पस्तिसावा खडा

भूतबित मी मानत नाही. चौथीपर्यंत शिकले, पुढे चाळीस वर्षं वीटभट्टीवर गाढवं हाकली. असल्या गोष्टींना वेळच नव्हता. तरी हे लिहितेय, कारण खडे मी स्वतः मोजले होते.

मुलगा जर्मनीत वोल्फ्सबुर्गला गाड्यांच्या कारखान्यात आहे. सून सुषमा जनावरांची डॉक्टर. तिथून पाऊण तासावर लष्कराचं जुनं सरकारी मैदान आहे. त्यात रानघोडी मोकळी चरतात. गवताला पेलतील तेवढीच ठेवायची, म्हणून वसंतात सगळी कुंपणात घेऊन मोजतात, तरणे नर दुसरीकडे पाठवतात. यंदा सुषमाने मलाही नेलं.

काठी नाही, दोर नाही, आरडाओरडा नाही. चार माणसं हात पसरून सावकाश चालली आणि घोडी एकामागे एक फाटकातून आत गेली. आम्ही गाढवांना किती झोडपलं, ते आठवून लाज वाटली.

फाटकाशी मानेतली चिप वाचणारं यंत्र होतं. मी सवयीने मोजत होते... एक जनावर, एक खडा, कोटाच्या खिशात.

यंत्राचे चौतीस. माझे खडे पस्तीस.

तिथला वनरक्षक डीटर हसला. आजींना डुलकी लागली, म्हणाला. एक म्हातारी घोडी हिवाळ्यात खंगली होती, दोन दिवस दिसली नव्हती. ती मेली असं लिहून टाकू, म्हणाला.

"डावा कान फाटलेली ना?" मी म्हटलं. "शेवटून तिसरी गेली. मागचा पाय ओढत."

सुषमाने जर्मनमध्ये सांगितलं. डीटरने लिहायचं थांबवून मान डोलावली. कान तसाच होता, आणि मी ती घोडी कधी पाहिली नव्हती. कुंपणात पुन्हा मोजलं... चौतीसच. फाटक्या कानाची एकही नाही.

नर न्यायला ट्रक येऊन उभा होता. पण एरवी माझ्या भाकरीला नावं ठेवणारी सुषमा म्हणाली, "आल्झो, तर मग, आईंचा खडा चुकत नाही. आधी शोधायचं."

दीड तासाने सापडली. पार दुसऱ्या टोकाला, चरात, पोटापर्यंत चिखलात रुतलेली. पाठीवरचा चिखल वाळून भेगाळला होता. कालपासूनची असणार, सुषमा म्हणाली. पट्टा लावून ट्रॅक्टरने ओढून काढली. थोडा वेळ पडून राहिली, मग उठली आणि मागचा पाय ओढत कळपाकडे निघाली. आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला आवडलं ते.

मुलगा म्हणतो, दोनदा खडा टाकला असशील. मग कान? पाय?

खडे खिडकीत ठेवलेत. सुषमा धूळ पुसायला उचलते आणि दर वेळी मोजून परत ठेवते.