काढून पाह्यलं का?

घरात कुणी काही ठामपणे बोलले की माझी थोरली बहीण सुलभाताई विचारायची, "काढून पाह्यलं का?" पाटोडीच्या रश्श्याला चव येते ती आपल्या भाजलेल्या खसखशीमुळे, असे माय नेहमी सांगे. ताईने एकदा खसखस न घालताच रस्सा केला. कुणाच्या लक्षातही आले नाही. ते कळल्यावर माय दिवसभर तिच्याशी बोलली नाही.

ताई पेशींवर संशोधन करायची. भंडारा-गोंदिया वेगळे झाले त्या सुमारास ती आसगावहून पुण्याला शिकायला गेली आणि तिथल्याच एका संस्थेत रमली. पेशीभोवती पातळ पापुद्रा असतो. त्यावरची प्रथिने बाहेरचा निरोप आत पोचवतात, हा तिचा विषय. बाबा जवाहरनगरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांना समजावे म्हणून ताई सांगायची, बाहेरचा माणूस गेटवरच थांबतो, चौकीदार फक्त निरोप आत धाडतो, तसेच हे.

"म्हणजे एवढं शिकून तू चौकीदारावर नजर ठेवून राहिली काय?" बाबांनी विचारले.

"हो बाबा. अन् तो झोपला का बिमारी येते."

अशाच एका प्रथिनावरच्या शोधनिबंधाने तिचे नाव झाले, परदेशांतून बोलावणी आली. ते प्रथिन ओळखायला ती एक प्रतिपिंड वापरायची. ते प्रथिनाला चिकटले की फिल्मवर काळी पट्टी उमटते. पुढे पेशीतून एखादे प्रथिन पुरते काढून टाकण्याची नवी पद्धत आली. कुणी सांगितले नसताना ताईने ती आपल्याच प्रथिनावर वापरली. ते काढलेल्या पेशींतही पट्टी तश्शीच उमटली. प्रतिपिंड इतकी वर्षे दुसऱ्याच कशाला तरी चिकटत होते.

नेमकी त्याच महिन्यात प्राध्यापकपदासाठी तिची मुलाखत होती. ती होऊन जाऊ दे, मग पाहू, असे सहकाऱ्यांनी सुचवले. ताईने निबंध आधी मागे घेतला. पद दुसऱ्याला मिळाले. मी मोहाडीला शाळेत मास्तर; तिथून फोन करून मी विचारले, थोडे थांबली असतीस तर? ती म्हणाली, "बापू, लोक माह्या पट्टीवर आपलं काम रचून राहिले. त्यायले कायले फसवू?"

मग प्रतिपिंड चिकटत होते ते नेमके कशाला, याच्या मागे ती कित्येक वर्षे लागली. तेही पापुद्र्यावरचेच प्रथिन निघाले, निरोप नेणारे, पण कुणी फारसे न पाहिलेले. त्यावरच्या निबंधाची सुरुवात तिने आपल्या चुकीपासून केली.

गेल्या हिवाळ्यात ताई गेली. आसगावच्या विहारात पुण्यानुमोदनाला, तिच्या श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला, तिची एक विद्यार्थिनी पुण्याहून आली होती. ती बोलायला उठणार तेवढ्यात मामांनी तिला हळूच सांगितले की पुरस्कारांचे सांगा, निबंध मागे घेतल्याचे नको. आपल्या लोकांत खोट शोधायला जग तसेही टपलेले असते. मामांचे म्हणणे खोटे नव्हते. मुलगी माझ्याकडे पाहू लागली. मी काही बोलायच्या आत माय म्हणाली, "तेच पहिले सांग, बाई. बक्षिसं त् लोकायच्या पोरायलेबी भेटतेत."

मुलीने तिथूनच सुरुवात केली. पहिल्या रांगेत बाबा ताठ बसून ऐकत होते.