सुग्रीवच्या हातचा चहा

नव्या दुकानाच्या उद्घाटनाच्या आदल्या दिवशी सुग्रीव एसटीतून उतरायचा आणि सगळ्यात आधी त्या गावचं एक पेला पाणी मागायचा. तहान म्हणून नव्हे. पाणी जिभेवर घोळवून तो ठरवायचा की इथे आलं किती, पत्ती किती आणि दूध कधी. नांदूरघाटच्या बोअरचं पाणी इतकं जड, की आलं आधी टाकलं तर दूध फाटलंच समजा. तिथे त्याने आलं शेवटी टाकायला शिकवलं. दुकान चालवायला घेणाऱ्यांना याचं हसू यायचं. म्हातारा चहा करायला आलाय की पाणी प्यायला, असं कुणीतरी म्हणायचंच. दुसऱ्या दिवशी रांग लागली की ही तोंडं आपोआप गप्प व्हायची.

मालक अर्जुनराव. चौसाळ्याचे जमीनदार, राजकारणी. जिल्हा परिषदेला सपाटून पडले आणि रिकामं बसवेना म्हणून सव्वीस वर्षांपूर्वी त्यांनी हायवेला पत्र्याचं चहाचं हॉटेल टाकलं. भट्टीवर सुग्रीवला उभं केलं. ड्रायव्हर लोक तिथे मुद्दाम गाडी थांबवू लागले. राजकारणाने मिळवून दिली नाहीत ती माणसं चहाने मिळवून दिली, हे अर्जुनराव स्वतःच सांगत. बीडला दुसरं दुकान झालं, मग बघता बघता एक्केचाळीस. प्रत्येक पाटीवर किटली धरलेल्या सुग्रीवचा फोटो. फोटोतला सुग्रीव हसतोय. तो काढला तेव्हा त्याचे पाय सुजत नव्हते.

एकेका दुकानात आठ-आठ दिवस राहायचं, तिथल्या पोरांना शिकवायचं. पोरं महिन्याभरात दुसरीकडे जायची, की पुन्हा एसटी, पुन्हा भट्टी. पोटऱ्यांवरच्या शिरा दोरीसारख्या वर आल्या होत्या. हल्ली तर नव्या दुकानाचं नाव काढलं की त्याच्या जिवावर यायचं. या माणसाची कीव करावी तर तो कधी कुरकुरला नाही, हीच त्याची खोड.

मग अर्जुनरावांनी मोबाईलवर चीनमधली दूधचहाची एक साखळी पाहिली. हजारो दुकानं, सगळीकडे चव एक, आणि भट्टीवर उस्ताद कुणीच नाही. त्यांची झोप उडाली. पुण्याहून कुणाकडून तरी त्यांनी पावडर बनवून घेतली. गरम पाण्यात टाकली की चहा तयार. पाणी मात्र जारचं, सगळीकडे सारखं. कडा गावचं नवं दुकान उघडण्याआधी त्यांनी सुग्रीवला गाडीत घालून तिथे नेलं आणि कप पुढे ठेवला.

"मामा, तुमी व्हय म्हनलात तरच ही चालू करायची. न्हाई म्हनलात तर आजच बंद. अन् चालू झाली तर तुमी घरी बसा. पगार चालूच राहील."

अर्जुनराव मनापासून बोलत होते. त्यांचा खरंच त्या जिभेवर विश्वास होता, आणि तिथेच सगळी पंचाईत झाली. सुग्रीवने घोट घेतला. टाळूला तुपकट थर बसला. आल्याचा नुसता वास, तोही औषधासारखा. हा चहा नव्हे, हे त्याला पहिल्याच घोटाला कळलं. नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. पण त्या एका शब्दामागे यंदा उघडायची आणखी सात दुकानं उभी होती, सात ठिकाणचं पाणी, सात ठिकाणच्या भट्ट्या. त्याने कप रिकामा केला.

"चालतंय," तो म्हणाला.

अर्जुनरावांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला. सुग्रीवला खाली बसावंसं वाटत होतं, इतकंच.

घरी तो दुपारी झोपायला शिकला. पायांची सूज ओसरली. दुकानं साठाच्या वर गेल्याचं कानावर आलं, तेव्हा त्याने कूस बदलली. वाईट वाटत होतंच, पण वाईट वाटायलाही ताकद लागते आणि तेवढी उरली नव्हती.

पुढच्या उन्हाळ्यात बायको मनकर्णा कड्याला बहिणीकडे हळदीला गेली. परत आली ती पिशवी खाली ठेवायच्या आधीच बोलायला लागली. हायवेवरच्या हॉटेलात घरच्या बायांनी बसायची रीत नव्हती, आणि घरी आलेल्या सुग्रीवला चुलीकडे बघवायचं नाही. घरचा चहा कायम तिनेच केला होता.

"कड्याला तुमच्या दुकानात गेलते," ती म्हणाली. "पाटीवर तुमचा फोटू, अन् पोरं म्हनली मामांच्याच हातची चव हाय." "लगीन झाल्यापासून पहिल्यांदा तुमच्या हातचा च्या पिले बघा. लोक काहून इतकं नाव काढतेत ते आता कळलं. लई ग्वाड हाय. बहिनीलाबी सांगितलं, ह्यो आमच्या घरचा हाय म्हनून."

सुग्रीवने तिच्याकडे पाहिलं. ती इतकी खुश त्याने कितीतरी दिवसांत पाहिली नव्हती. घरात दूध होतं, आलं होतं. उठून एक कप करायला किती वेळ लागणार होता? त्याने पाय खाली सोडले, जमिनीला टेकवले आणि तसाच बसून राहिला.

"तुमच्याच हातचा ना वो त्यो?" तिने कौतुकाने विचारलं.

"हां," सुग्रीव म्हणाला. "माझाच."