डबीरकाकांचा अडुळसा

लग्न होऊन मदन महाल वस्तीत सासरी आले त्या दिवशी, उखाणा घ्यायच्या आधी मी जरा घसा खाकरला. लगेच गर्दीतून एक उंच गृहस्थ पेला घेऊन पुढे आले. "सूनबाई, काहून खोकून राहिली? घे!" अडुळशाचा काढा होता तो. माहेरचं नाव सोडताना मी रडले नव्हते, काढ्याने मात्र डोळ्यांत पाणी आणलं. हे आमचे शेजारी, डबीरकाका. आता ते नाहीत.

काकांच्या अंगणाला कुंपणच अडुळशाचं. पांढऱ्या फुलांनी छान दिसायचं. बकऱ्या त्याला तोंड लावत नसत. आम्ही निमूट प्यायचो. फॅक्टरीतून रिटायर झाल्यापासून काकांना चार घरांपलीकडचा खोकला ऐकू येई, काकूंनी सांगितलेली भाजी मात्र नाही. कुणी नेपियर टाउनच्या दुकानातून खोकल्याचं औषध आणलं की बाटलीवरची बारीक अक्षरं वाचत. "ब्रोमहेक्झिन! अरे भैया, ही तर अडुळशाची नात. पानातल्या व्हॅसिसीनवरूनच बनवली. आजी अंगणात उभी असताना नातीच्या मागे काहून लागता?"

पुढे एकदा खोकल्याने मला फारच हैराण केलं, तेव्हा मी आपणहून त्यांच्याकडे गेले. काकांना केवढा आनंद! पेला हातात देता देता त्यांनी तब्येत विचारली. "तिसरा महिना लागलाय," मी लाजत म्हटलं. त्यांनी पेला काढून घेतला आणि काढा मोरीत ओतला.

"तुला नाही. तेच व्हॅसिसीन गर्भाची पिशवी आवळते. डॉक्टरला दाखव."

"साऱ्या गल्लीला पाजता, आणि मलाच नाही?" मी हसून म्हटलं. काका अंगणात निघून गेले.

मग काकू म्हणाल्या, "माझ्या वेळी यांनी मोठ्या प्रेमाने काढा दिला होता गं. तिसऱ्या महिन्यातच गेलं. डॉक्टर म्हणाले, कशाने झालं ते सांगता येत नाही. पण यांनी लायब्ररीत जाऊन मोठाली पुस्तकं वाचली. त्याआधी हा माणूस पेपरसुद्धा वाचत नव्हता." त्या हसल्या. "पुन्हा दिवस राहिलेच नाहीत."

मुलगी झाली तेव्हा दोघं बघायला आले. काकांनी हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. "धरू?" म्हणाले. मांडीवर घेऊन बसले ते बसलेच. काकूंनी दोनदा "चलो" म्हटलं.

"थांब की," काका कुजबुजले, "झोपून राहिली ती."

मुलगी टक्क जागी होती.