सहा नंबरची डिस्क

इन्साफबाईंच्या नावावर स्वतःचं घर नव्हतं, पण अठरा कॉम्प्युटर होते. सरकारी कागदावर तसं लिहिलेलंच होतं. इजिप्तमधल्या मलावी गावातल्या मुलींच्या माध्यमिक शाळेची संगणक प्रयोगशाळा त्यांच्या ताब्यात होती; एखादा माऊस हरवला तरी जाब त्यांना. नवरा वर्षानुवर्षं कुवेतला, मूलबाळ नाही. सोळा वर्षं त्यांनी ती खोली डोळ्यांत तेल घालून सांभाळली. दाराला दोन कुलपं. मुलींनी आणलेला पेन ड्राईव्ह आधी बाईंच्या हातात. व्हायरस आहे का ते बघितल्याशिवाय मशीनला लावायचा नाही. कुणी बाकावर पेन्सिलीनं पासवर्ड लिहिला, तर खोडरबर तिच्या हातात देऊन म्हणायच्या, "घराची किल्ली दारालाच टांगतेस का गं तू?"

मुली पाठीमागे त्यांना 'कुलूपबाई' म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

त्या वर्षी नवी मशीनं आली आणि जुनी नऊ लिलावात गेली. देण्याआधी बाईंनी दोन दिवस बसून एकेक मशीन साफ केलं. मुलींचे पत्ते, त्यांचे आणि आईबापांचे फोन नंबर, गुणपत्रकं, नावं घालून ठेवलेले समारंभांचे फोटो, सगळं पुसलं. रिसायकल बिनसुद्धा रिकामा केला. मग सह्या झाल्या आणि ट्रक निघून गेला.

दोन महिन्यांनी, एका सोमवारी मधल्या सुट्टीत, शेवटच्या वर्षातली रीहाम दारात येऊन उभी राहिली. आत येईना, जाईना. ओठ पांढरेफटक पडले होते.

"काय गं? भूत बघितलंस?"

रीहामनं मोज्यात लपवलेला मोबाईल काढला. शाळेत मोबाईलला बंदी होती. पण तिचा चेहरा बघून बाईंच्या तोंडून रागाचा शब्द फुटला नाही.

पडद्यावर एक फोटो होता. गेल्या वर्षीचा निरोप समारंभ. दारं लावून, फक्त मुली आणि शिक्षिका. रीहाम केस मोकळे सोडून, कमरेला ओढणी बांधून नाचत होती. खाली अनोळखी नंबरावरून मजकूर: 'हा तुझ्या बापाला पाठवू, की मी सांगेन ते ऐकशील? गुरुवारपर्यंत कळव.'

"बाई, अल्लाशप्पथ, मी कुणालाच फोटो दिला नाही हो. शाळा तर सुटेलच माझी. बाबांनी सोडलं तरी काका सोडायचे नाहीत मला."

बाई फोटोकडे बघतच राहिल्या. कोपऱ्यात अंगठ्याची पुसट कड आली होती. त्यांचाच अंगठा. फोटो बिघडला म्हणून त्यांनी तो कुणाला दिलाच नव्हता. सहा नंबरच्या मशीनमध्ये तो तसाच पडून होता, आणि तिथून त्यांनी स्वतःच्या हातानं पुसला होता.

"तू त्याला काही उत्तर देऊ नकोस," त्या म्हणाल्या. "आणि काही पुसूही नकोस. सगळं तसंच ठेव."

रीहाम गेल्यावर त्यांनी आतून कडी लावली. एका मशीनवर मुलींची जुनी यादी पुसली, बिन रिकामा केला, आणि पुसलेलं परत काढणारा एक प्रोग्राम चालवला. असे प्रोग्राम असतात एवढं त्यांनी ऐकलं होतं; कधी लावून मात्र बघितला नव्हता.

पाच मिनिटं गेली. मग पडद्यावर एकेक नाव उगवू लागलं. आज पुसलेली यादी आली. गेल्या महिन्यात पुसलेले निबंध आले. त्याच्याही मागचं काहीबाही आलं. रजिस्टरची अनुक्रमणिका फाडावी आणि पानं तशीच राहावीत, तसं त्यांनी नऊच्या नऊ मशीनांचं केलं होतं. आणि ती नऊ रजिस्टरं बाजारात पाठवली होती.

त्या तडक मुख्याध्यापिकेकडे गेल्या. मुख्याध्यापिकेनं सगळं ऐकलं आणि आधी खिडकी लावून घेतली.

"हे तुम्ही मला सांगितलं नाहीत आणि मी ऐकलं नाही. शाळेचं नाव जाईल, इन्साफबाई. आणि तुमची नोकरी."

"आणि पोरीचं काय जाईल, मॅडम?"



मंगळवारी बाईंनी रजा टाकली. लिलावाचा माल कालव्याकाठच्या खलफ भंगारवाल्यानं उचलल्याचं सरकारी गोदामातून कळलं. त्या टुकटुक करून तिकडे गेल्या.

खलफ चहा पीत बसला होता. "डिस्का? त्या पिंपात. पण विकलेला माल परत मागायला येणारं सरकार मी पहिल्यांदाच बघतोय!"

"सरकार नाही, मीच आलेय. त्यात पोरींचे फोटो आहेत. घरचे पत्ते आहेत."

"बाई, मी लोखंड विकतो. फोटोंशी मला काय करायचंय?"

"तुमची मुलगी कुठल्या शाळेत आहे?"

त्यानं पेला खाली ठेवला. त्याची रशा दुसऱ्या वर्षात, बाईंच्याच शाळेत होती. मग तो एकदा 'या सातिर', अल्ला, अब्रू झाक, असं पुटपुटला आणि दोघं मिळून पिंप उपसायला बसली. बाईंनी प्रत्येक डिस्कवर पूर्वी पांढऱ्या रंगानं नंबर घातले होते. एक, तीन, चार, पाच. मग सात, आठ, नऊ. दोन आणि सहा नव्हत्या.

"स्टेशनजवळचा मोबाईल दुरुस्तीवाला दोन घेऊन गेला होता," खलफ म्हणाला. "वाएल. चाळिशीचा बाप्या आहे, नमाजी आहे. चला, बघू."

दुकानात बाईंनी चार्जर मागितला. वाएल मान खाली घालून एक मोबाईल उघडत होता. बाजूला त्याचा कॉम्प्युटर, वरचं झाकण काढलेलं. आत, तारांच्या गुंत्यात, पांढरा सहा दिसत होता. त्यांच्याच हातचा सहा, वरचा फाटा थोडा वाकडा.

खलफचा हात पुढे गेला. बाईंनी त्याची बाही घट्ट धरली.

"महाग आहे हो चार्जर," त्या म्हणाल्या. "उद्या येते."

"शाळेतल्या ना तुम्ही?" वाएलनं मान वर केली. "चेहरा ओळखीचा वाटतोय."

डिस्कमधल्या एखाद्या फोटोतच बघितला असणार त्यानं. बाई हसल्या, आणि बाहेर येऊन भिंतीला टेकल्या.

"मला का अडवलंत?" खलफ तडकला. "मानगूट धरून काढून घेतली असती!"

"नकला त्याच्या मोबाईलमध्येही असतील. डिस्क आपल्या हाती येईल आणि फोटो त्याच्याकडे राहतील. पोलीसच हवेत. आणि तक्रार पोरीच्या घरच्यांनी द्यायला हवी."

म्हणजे रीहामच्या बापासमोर जायला हवं होतं. त्याच संध्याकाळी बाई रीहामच्या घरी गेल्या. तिची आई सनिया शिवणकाम करायची. सगळं ऐकून तिनं मशीनचं चाक हातानं थांबवलं.

"तुमच्या भरवशावर पाठवत होतो आम्ही."

"हो."

"मग तुम्हीच सांगा तिच्या बापाला. तुमच्या तोंडून ऐकू दे त्याला, चूक कुणाची ते."

बाप बसचा ड्रायव्हर, अंगानं थोराड. पायरीवर त्याची चप्पल वाजली तशी रीहाम आईच्या मागे गेली. बाईंनी खाली बघून, एकही गोष्ट न गाळता सांगितलं. त्यानं हात पुढे केला. रीहामनं मोबाईल दिला. तो फोटो बघत राहिला.

"हा शाळेतच काढला?"

"दारं बंद होती. मीच काढला."

तो उठला. बाईंनी डोळे मिटून घेतले. पण तो गेला दाराकडे.

"सनिया, हिचा जन्माचा दाखला काढ. ठाण्यावर जाऊ." मग बाईंकडे न बघता म्हणाला, "तुम्ही जा आता. पुन्हा या घरात येऊ नका."

बुधवारी पोलिसांनी दुकानातून डिस्क नेली, वाएलचे दोन्ही मोबाईल नेले आणि त्यालाही नेलं. आणखी चार मुलींना त्यानं तसंच धमकावलं होतं. त्या चौघींनी कुणालाच सांगितलं नव्हतं. रीहामच्या परीक्षेला बाप रोज तिला सोडायचा आणि पेपर सुटेपर्यंत फाटकाबाहेर उभा राहायचा.

बाईंची चौकशी झाली. किल्ल्या काढून घेतल्या, आणि त्यांना गावाबाहेरच्या एका प्राथमिक शाळेत, वाचनालयात बसवलं. जाण्याआधी त्यांनी खलफनं परत दिलेल्या सात डिस्का शाळेच्या अंगणात शिपायाच्या ड्रिलनं आरपार भोकं पाडून मोडल्या. मुख्याध्यापिका खिडकीतून बघत होती. तिनं अडवलं नाही.

दोन नंबरची डिस्क सापडली नाही. ती मिनिया शहरात कुणालातरी विकली, एवढंच वाएल सांगू शकला. तिच्यात दोनशे चौदा मुलींची नावं, घरं आणि नंबर होते. त्यांतली कुणी आजही बाजारात भेटते, "बाई, कशा आहात?" विचारते. इन्साफबाई उत्तर देण्याआधी क्षणभर तिच्या चेहऱ्याकडे निरखून बघतात.