विहिरीतला दात

लोणारच्या अलीकडे आमचं शेत आहे. गेल्या उन्हाळ्यात तिथं विहीर खणली. पाणी काही लागलं नाही, पण विद्यापीठात संशोधन करणारी एक मुलगी विहीर बघायला आली. वर काळा दगड, खाली काळा दगड आणि मध्ये वीतभर राखाडी माती, एवढं बघून ती खूश! म्हणाली, कोट्यवधी वर्षांपूर्वी इथं लाव्हा दोनदा आला. मधल्या काळात इथं तळं असावं, काठाला चिचुंद्रीएवढे प्राणी असावेत, पिल्लांना दूध पाजणारे. उरलेच असतील तर त्यांचे दात, ज्वारीच्या दाण्याहूनही लहान. मी खाली उतरून त्या मातीला हात लावला. भर उन्हाळ्यात ती गार होती. आपल्या शेताखाली आणखी कुणाचं तरी घर आहे, या विचारानं मला तिथं उभं राहवेना.

मुलीनं माती चाळणीत धुऊन, वाळवून परातीत दिली. निवडायला मी आईला बसवलं. काचबिंदूनं तिची नजर गेली होती. भातात एकदा खडा निघाला आणि घरात तिला कुणी निवडण-टिपण देईना. पण तिच्या बोटांवर माझा विश्वास होता, आणि खरं सांगतो, तिचं रिकामं बसणं मला बघवत नव्हतं.

दुपारी तिचा हात एकदम थांबला.

"चावलं मले," ती म्हणाली. बोटाच्या टोकावर रक्ताचा ठिपका होता. "हा खडा नाही बापा. दात हाय."

किती दिवसांनी ती हसली! मुलीला हाक मारायला मी वळलो, तेवढ्यात कट् असा आवाज झाला. दाणा की खडा, हे आई जन्मभर दाताखाली धरूनच ठरवत आली. सवयीनं तिनं तोही धरला होता. जिभेवर नुसता भुगा उरला, तोही तिनं गिळला.

मुलगी आली तेव्हा मी सरळ खोटं बोललो, "अजून काही नाही."

"सापडला होता. मीच खाल्ला," आई म्हणाली.

मुलीचा चेहरा पडला. पण पोर गुणाची, तिनं दुसरी परात पुढे सरकवली. "काकू, तुम्हालाच सापडला ना? आणखी सापडेल."

आईनं दोन्ही हात पदराखाली घेतले. "नको. माय होती ते. जिभेवर हलली, पिल्लू धुंडल्यावानी."

"काहीतरीच बोलते!" मी ओरडलो. हातात आलेलं काम तिनं सोडलं, याचं मला फार वाईट वाटलं. पण ती परात उचलायला माझाही हात धजेना.